जोचे मूळ आणि कूळ

स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळात, ज्यात अक्षरांच्या चौकोनी सोंगट्या पटावर आडव्या-उभ्या मांडून शब्द जुळवायचे असतात, दोन अक्षरी शब्दांना त्यांच्या लांबीच्या मानाने फार मोठे मोल असते, कारण पट दाटीचा झाला की लांब शब्दाला जागा उरत नाही आणि अडून बसलेले अवघड अक्षर अशा एखाद्या तोकड्या शब्दानेच मोकळे करता येते. या तोकड्या शब्दांत झेड आणि ओ या दोन अक्षरांचा एक शब्द आहे. त्याचा उच्चार साधारण ‘झो’ असा केला जातो आणि त्याला अकरा गुण मिळतात, कारण शंभर सोंगट्यांच्या इंग्रजी संचात झेडची सोंगटी एकच असून तिचे मोल १० आहे, तर ओचे केवळ १. हे गुण ठरवणारे आल्फ्रेड बट्स हे अमेरिकन वास्तुविशारद होते. १९३०च्या दशकातील मंदीत हाताला काम नसताना त्यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवर प्रत्येक अक्षर किती वेळा येते हे मोजले आणि त्या मोजणीवरून अक्षरांची संख्या व किंमत बसवली. झेड महाग झाले ते इंग्रजी वृत्तपत्रांत ते क्वचित भेटते म्हणून. हा शब्द मात्र मुळात तिबेटी आहे, आणि तिबेटीत त्यातील ध्वनी नित्याचा, घरगुती आहे.

हा शब्द एका जनावराचे नाव आहे. याक आणि गाय यांच्या संकरातून जन्मलेल्या नराला तिबेटी भाषकांच्या मोठ्या पट्ट्यात, म्हणजे पश्चिमेला बाल्टिस्तान व लडाखपासून पूर्वेला तिबेटच्या पठाराच्या टोकापर्यंत, या नावाने ओळखले जाते, आणि मादीला ‘जोमो’ म्हणतात. इंग्रजी कोशात हा अर्थ एका ओळीत संपतो. ती ओळ खोटी नाही. तिच्यामागे उभ्या असलेल्या प्राण्याकडे, त्याच्या कष्टाकडे आणि त्याला नावे देणाऱ्या माणसांच्या बारकाव्याकडे मात्र ती पोचत नाही.

आधी ध्वनीकडे पाहावे, कारण मराठी वाचकाला तो सांगण्याची गरजच नाही. मराठीत ‘ज’ या एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत: ‘जीव’, ‘जेवण’ यांतला तालव्य, म्हणजे जिभेचा मधला भाग टाळूला लावून केलेला, आणि ‘जोर’, ‘जाळे’, ‘जुने’ यांतला दंत्य, म्हणजे जिभेचे टोक दातांच्या मुळाशी नेऊन केलेला. तिबेटी शब्दातला ध्वनी हा दुसरा, दंत्य ‘ज’ आहे, आणि मराठी माणूस दर्शक ‘तो’च्या जोडीने येणारे संबंधी सर्वनाम ‘जो’ उच्चारतो तेव्हा तो नेमका या जनावराचे नाव घेत असतो. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी असा ध्वनी येत नाही. ज्यांच्या कानाला तो परका होता त्यांनी तो जमेल तसा लिहिला, आणि त्यातूनच पुढे कोशांत एकाच शब्दाची अनेक रूपे जमा झाली.

तिबेटी लिपी सातव्या शतकात भारतीय लिपीच्या नमुन्यावर घडवली गेली, आणि परंपरा तिचे श्रेय थोन्मी संभोट या विद्वान मंत्र्याला देते. संस्कृतासाठी वापरल्या जाणाऱ्या लिपीत दंत्य च, छ, ज यांना स्वतंत्र अक्षरे नव्हती, कारण संस्कृतात ते ध्वनी नव्हते; तिबेटीत ते होते आणि त्यांच्यामुळे अर्थ बदलत होता. तेव्हा तालव्य अक्षरांच्याच खांद्यावर एक लहानशी पताका चढवून तीन नवी अक्षरे केली गेली. मराठीनेही भारतीय लिपी घेतली, मराठीतही असे दंत्य ध्वनी नांदत होते, परंतु मराठीने वेगळे चिन्ह न घेता एकाच अक्षरावर दोन्ही उच्चारांचा भार टाकला आणि कुठे कोणता हे बोलणाऱ्याच्या सवयीवर सोपवले. एकाच अडचणीवर दोन भाषांनी काढलेले हे दोन मार्ग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत, आणि तिबेटी मार्ग अधिक काटेकोर होता हे मान्य करायला हवे.

लेखनात या शब्दाच्या आधी एक ‘म’ही आहे. तिबेटी लेखनात मूळ अक्षरापूर्वी काही पूर्वाक्षरे लिहिण्याची पद्धत आहे. लिपी घडली त्या काळी ती उच्चारली जात असावीत, परंतु पुढे ल्हासाच्या आणि इतर अनेक बोलींत ती मूक झाली आणि लेखनात मात्र टिकून राहिली. ईशान्येकडील आमदो भागात या ‘म’ची खूण नासिक्य ध्वनीच्या रूपाने आजही ऐकू येते. ‘याक’ या शब्दाच्या आरंभीही असेच एक मूक ‘ग’ लिहिले जाते. या मूक अक्षरांचे ओझे शब्दखेळाच्या पटावर आलेले नाही. इंग्रजीने कानाने ऐकलेले तेवढेच घेतले.

ते कोणी ऐकले, याचा माग विल्यम मूरक्रॉफ्ट यांच्यापर्यंत जातो. हे शिक्षणाने पशुवैद्य होते, १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधील पुसा येथील घोड्यांच्या पैदास केंद्राचे प्रमुख म्हणून भारतात आले, आणि चांगल्या जातीचे घोडे मिळवण्यासाठी बुखाऱ्याकडे निघाले असताना १८२० ते १८२२ या काळात लडाखात राहिले. परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये उत्तर अफगाणिस्तानात त्यांचा मृत्यू झाला, आणि त्यांची टिपणे संस्कृत पंडित होरेस हेमन विल्सन यांनी संपादून १८४१ मध्ये प्रसिद्ध केली. जनावरांच्या पैदाशीतच आयुष्य घालवलेल्या या माणसाच्या नजरेतून लडाखचे हे संकरित जनावर सुटणे शक्य नव्हते. त्यांच्या वृत्तान्तात ते झेड, एच, ओ या अक्षरांनी लिहिलेले आढळते. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी सिक्कीमच्या प्रवासावरील १८५४च्या ग्रंथात ‘झोबो’ हे रूप वापरले. त्यातला शेवटचा ‘बो’ हा तिबेटीतला नरवाचक प्रत्यय होय, जसा ‘जोमो’तला ‘मो’ मादीवाचक आहे. काहींनी आरंभी डी आणि झेड लिहिले, काहींनी डी आणि एस, काहींनी नुसता झेड. एकोणिसाव्या शतकात हिमालयातील केलांग येथे राहणाऱ्या मोरावियन मिशनऱ्यांपैकी हाइनरिख येश्के यांनी १८८१ मध्ये आपला तिबेटी-इंग्रजी कोश पुरा केला, आणि त्यानंतर तिबेटी लेखनानुसार शब्द लिहिण्याची शिस्त विद्वानांपुरती रुळली. प्रवाशांची रूपे मात्र इंग्रजीत आधीच रुजली होती.

ही सगळी रूपे एडिंबरोच्या चेंबर्स कोशाने सांभाळली. विरळ, प्रादेशिक आणि दूरदेशीचे शब्द जपण्याची या कोशाची ख्याती होती, आणि ब्रिटनमधील स्क्रॅबल स्पर्धांमध्ये अनेक वर्षे हाच कोश प्रमाण मानला जात असल्याने, १९८८ मध्ये त्याच्या आधारे मान्य शब्दांची अधिकृत यादी निघाली तेव्हा या जनावराची सारी इंग्रजी लेखने खेळात वैध ठरली. उत्तर अमेरिकेची यादी दुसऱ्या कोशांवर उभी असल्याने तिथे हा दोन अक्षरी शब्द चालत नाही. लंडनमध्ये अकरा गुण मिळवून देणारी मांडणी न्यूयॉर्कच्या पटावरून उचलून घ्यावी लागते. एखाद्या शब्दाचे अस्तित्व अशा प्रकारे कोशकाराच्या निवडीवर अवलंबून राहावे हे खेळापुरते ठीक आहे. ज्या भाषेत हा शब्द जन्मला तिथे मात्र त्याला कुणाच्या मान्यतेची गरज कधी पडली नाही, कारण तिथे तो उन्हाळ्याच्या तोंडावर गोठ्यातून बाहेर काढायचा असतो.

इंग्रजी कोशाने शब्द घेतला, पण ज्या नावांच्या व्यवस्थेत तो बसतो ती घेतली नाही, आणि इथेच खरी हानी झाली. तिबेटीत ‘याक’ हा शब्द केवळ नराला लागतो. मादी ती ‘द्री’, लडाखात ‘देमो’. त्यामुळे जगभर सहजपणे म्हटले जाणारे ‘याकचे दूध’ तिबेटी कानाला बैलाच्या दुधासारखे वाटते. संकरातल्या नराला व मादीला स्वतंत्र नावे आहेत हे वर आलेच. त्यापुढे जोमोला याकापासून किंवा बैलापासून झालेल्या दुसऱ्या पिढीच्या संततीलाही निराळी नावे आहेत, काही भागांत ‘तोल’ आणि ‘तोलमो’ अशी. म्हणजे जनावराचे नाव ऐकताच ते नर की मादी आणि कितव्या पिढीचे, हे दोन्ही एकदम कळते. मंगोलियात संकराला ‘खायनाग’ म्हणतात आणि आई याककुळातली की गाईच्या कुळातली यावरून सूर्याचे खायनाग व चंद्राचे खायनाग असा भेद करतात. चीनमध्ये त्याला ‘प्येननिऊ’ असे वेगळे नाव आहे. इतका बारकावा हौसेपोटी निर्माण होत नाही. दूध किती मिळेल, ओझे किती उचलले जाईल, वासरू जगवायचे की नाही, विकायचे तर किंमत काय मागायची, हे सारे त्या नावावर ठरत असल्याने तो निर्माण झाला.

आता प्राण्याकडे वळता येईल. याक हा उंचीचा प्राणी आहे. त्याची छाती प्रशस्त असते, गाईला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात तर त्याला १४ किंवा क्वचित १५, फुप्फुसे व हृदय शरीराच्या मानाने मोठी असतात, आणि लांब केसांखाली मऊ लोकरीचा दाट थर असतो. विरळ हवा आणि कडाक्याची थंडी त्याला सोसते. सोसत नाही ती ऊब. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या खाली, विशेषतः उन्हाळ्यात, तो सुस्तावतो व आजारी पडतो. गाय नेमकी उलट बाजूची: खालच्या खोऱ्यांत ती सुखाने राहते, वरच्या कुरणांवर टिकत नाही. शिवाय द्री दूध थोडे देते, आणि ते घट्ट व स्निग्ध असले तरी कुटुंबाला पुरत नाही. साधारणपणे ती दोन वर्षांतून एकदा विते. हिमालयातल्या शेतकऱ्याचे घर बहुधा या दोन जगांच्या मधल्या पट्ट्यात असते, जिथे सातूचे शेत खाली आणि चराऊ कुरण वर अशी विभागणी असते, आणि वर्षभरात दोन्हीकडे जाऊ शकेल असे जनावर त्याला हवे असते. ते निसर्गाने दिलेले नव्हते. ते घडवावे लागले.

भिन्न कुळांच्या संकरातून झालेली पहिली पिढी आईबापांहून अधिक दणकट निपजते, या गोष्टीला जीवशास्त्रात संकरज ओज म्हणतात. जो हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तो गाईच्या गोऱ्ह्याहून मोठा व बळकट, याकाहून शांत व शिकवायला सोपा, थंडीला गाईहून आणि उबेला याकाहून अधिक सोशिक असतो. जोमो द्रीपेक्षा पुष्कळ अधिक दूध देते आणि लवकर वयात येते. मार्को पोलोनेही याची नोंद केली आहे. तेराव्या शतकात चीनच्या वायव्य सीमेवरील मुलखाचे वर्णन करताना तो त्या भागातील केसाळ गुरांचा उल्लेख करतो आणि साध्या गाईशी त्यांचा संकर करून मिळणारी जनावरे कामाला इतर कोणत्याही जनावरापेक्षा सरस असतात, असे सांगतो. त्याच्या अनेक गोष्टींवर शंका घेतली गेली. हे निरीक्षण मात्र हिमालयातला कोणताही शेतकरी आजही जसेच्या तसे मान्य करील.

परंतु या बळाची एक किंमत आहे, आणि जोच्या कहाणीत तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. जो वांझ असतो. त्याला वासना असते, तो माजतो, म्हणून नांगराला व ओझ्याला लावण्यापूर्वी त्याला अनेक ठिकाणी खच्ची करतात. परंतु त्याच्या शरीरात शुक्रजंतू पूर्ण तयार होत नाहीत, त्यामुळे त्याच्यापासून वासरू कधीच होत नाही. जोमो मात्र गाभण राहते व विते. घोडा व गाढव यांचे खेचर वांझ असते त्याचे कारण दोघांच्या गुणसूत्रांची संख्या वेगळी असते असे सहसा सांगितले जाते. गुणसूत्रे म्हणजे पेशीतील आनुवंशिक द्रव्य वाहणारे धागे. इथे ते कारण लागू पडत नाही, कारण याक आणि गाय या दोघांतही गुणसूत्रे ६०च असतात. मग नर वांझ आणि मादी सुपीक हा पक्षपात कशाचा?

जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये अशा अनेक संकरांची उदाहरणे एकत्र पाहून एक नियम मांडला. संकरित संततीत एकच लिंग अनुपस्थित, विरळ किंवा वांझ निघाले तर ते ज्या लिंगाची दोन लिंग-गुणसूत्रे एकमेकांहून भिन्न असतात तेच असते, असा तो नियम आहे. सस्तन प्राण्यांत नराकडे एक एक्स आणि एक वाय असते, मादीकडे दोन एक्स. म्हणून संकराचा फटका नराला बसतो. पक्षी व फुलपाखरे यांत ही रचना उलटी असल्याने तिथे तो मादीला बसतो, आणि नियमाची खरी ताकद या उलट्या उदाहरणांत दिसते. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. ज्या देशाच्या उत्तर टोकाला त्यांच्या नियमाचे जिवंत प्रमाण रोज जुवाला जुंपले जात होते तिथे त्यांनी आपली अखेरची वर्षे काढली, हा योग विज्ञानाच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे.

या वांझपणामुळे जोचे अस्तित्व इतर पाळीव जनावरांहून मुळातच वेगळे ठरते. बैलाचा बाप बैल व आजा बैल असतो. खिल्लार किंवा डांगी म्हटले की पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ डोळ्यांसमोर येते, आणि शेतकरी त्या वंशाचा अभिमान बाळगतो. जोला वंश नाही. त्याचा बाप जो नसतो आणि त्याचा मुलगा जो होत नाही. लडाखच्या शेतात आज उभा असलेला प्रत्येक जो हा आपल्या कुळातला पहिला आणि शेवटचा असतो, आणि तो पुन्हा हवा असेल तर माणसाला पुन्हा एकदा याक व गाय यांना एकत्र आणावे लागते. त्यासाठी त्या गावात किंवा शेजारच्या खोऱ्यात दोन्ही कळप जिवंत असावे लागतात, उंचावरचे पशुपालक आणि खालचे शेतकरी यांच्यात देवाणघेवाण असावी लागते. नेपाळच्या खुंबू भागातील शेर्पा कुटुंबांनी असे संकरित गोऱ्हे तयार करून तिबेटात विकण्याचा व्यवसायच उभारला होता, आणि तो सीमेपलीकडच्या मागणीवर चालत असे. म्हणून जो हे जनावर जितके जीवशास्त्राचे तितकेच शेजारधर्माचे अपत्य आहे.

दुसऱ्या पिढीची कथा करुण आहे, आणि ती टाळून जोची थोरवी सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जोमोला पुन्हा याक किंवा बैल दाखवला तर होणाऱ्या वासरात पहिल्या पिढीचे ओज उरत नाही. ते लहानखुरे, कमी कामाचे निघते. जोमो व्यायलीच पाहिजे, कारण त्याशिवाय तिला दूध येणार नाही, पण तिचे वासरू मात्र पालकाला फारसे नकोसे असते, आणि अनेक ठिकाणी त्याच्या वाटचे दूधही माणसेच काढून घेत असल्याने ते फार दिवस जगत नाही. डोंगराळ प्रदेशातील दारिद्र्य आणि चाऱ्याची टंचाई यांतून आलेला हा व्यवहार आहे. त्याला क्रौर्य म्हणून बाजूला होणे सोपे असले तरी हिवाळ्याचे सहा महिने पुरेल एवढेच गवत साठवणाऱ्या घराला तसा निवाडा करता येत नाही.

लडाखात जोचे वर्ष वसंतात सुरू होते. मातीवरचा बर्फ विरला की हलक्या लाकडी नांगराला जोची जोडी जुंपली जाते, नांगऱ्या त्यांच्या मागे गात चालतो, आणि सातू, गहू व वाटाणा यांची पेरणी होते. पुढे उन्हाळ्यात ही जनावरे वरच्या कुरणांवर जातात. तिथे दूधदुभत्यासाठी घरातली काही माणसे दगडी खोपटांत राहतात, आणि जोमोच्या दुधाचे लोणी व वाळवलेले चीज हिवाळ्यासाठी साठवले जाते. शरद ऋतूत कापणी झाली की ती खाली आणून मळणीला लावतात. चोपलेल्या मातीच्या गोल खळ्याच्या मध्यभागी एक खांब असतो आणि त्याच्याभोवती जनावरांची रांग फिरत राहते. महाराष्ट्रात खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दृश्यात नवे काही सांगावे लागत नाही; आतले जनावर जवळजवळ जागीच वळते, बाहेरच्याला सर्वांत लांब फेरा पडतो, म्हणून कोण आत व कोण बाहेर हे चालीवरून ठरवण्याचे कसब दोन्हीकडे सारखेच आहे.

गेल्या काही दशकांत ट्रॅक्टर व मळणीयंत्रे लडाखच्या गावांत पोचली, तरुण माणसे लेहमध्ये पर्यटन व नोकरीकडे वळली, आणि वर्षातून काही आठवडे काम करणाऱ्या जनावराला वर्षभर चारा घालणे परवडेनासे झाले. याकांची स्थितीही चांगली नाही: २०१९च्या पशुगणनेत भारतात सुमारे ५८ हजार याक आढळले, आणि आधीच्या गणनेशी तुलना करता ही घट जवळपास चौथाईची होती. अरुणाचल प्रदेशातील दिरांग येथे १९८९ पासून याकावरील राष्ट्रीय संशोधन केंद्र काम करीत आहे, परंतु पशुपालकाच्या मुलाला पुन्हा कुरणावर नेणे हे संशोधनाच्या आवाक्यातले काम नव्हे. वंश असलेले जनावर कमी झाले तरी थोड्या जोड्यांतून ते पुन्हा वाढवता येते. जोच्या बाबतीत, कळपांपैकी एक जरी त्या खोऱ्यातून उठला तरी पुढच्या पिढीपासूनच तो नाहीसा होतो. नेपाळात मात्र त्याला नवे काम मिळाले आहे. एव्हरेस्टच्या वाटेवर २,८६० मीटरवरच्या लुकलापासून ३,४४० मीटरवरच्या नामचेपर्यंत गिर्यारोहकांचे सामान वाहणारी जनावरे बहुतांशी याक नसून ‘झोपक्यो’, म्हणजे जोच असतात, कारण या वाटेच्या खालच्या टप्प्यात याकाचा निभाव लागत नाही. प्रवासी त्यांची छायाचित्रे याक म्हणूनच घेऊन जातात.

मराठीशी या जनावराचे नाते केवळ ध्वनीचे नाही. संस्कृतात याकाला ‘चमर’ आणि मादीला ‘चमरी’ म्हणतात. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तील हिमालयवर्णनात चमरी येतात त्या त्यांच्या शेपटीच्या शुभ्र झुपक्यासाठी. त्या झुपक्याचा पंखा म्हणजे चामर, आणि मराठीत त्याचीच चवरी झाली. छत्र आणि चामर ही राजचिन्हे मराठी राजसभेत होती, देवावर चवऱ्या ढाळण्याची रीत देवळांत आजही आहे, आणि त्यासाठी हिमालयाच्या खिंडींतून याकाच्या शेपट्यांचा व्यापार शतकानुशतके खाली उतरत राहिला. ज्या मुलखात याक कुणी पाहिला नव्हता तिथे त्याची शेपूट सर्वांत पवित्र जागी पोचली होती. त्याच ‘चमरी’पासून नेपाळीत ‘चौंरी’ हा शब्द आला, आणि तिथे तो आज मुख्यतः संकरित मादीला, म्हणजे जोमोलाच लावला जातो. १९५०च्या दशकात लांगटांग खोऱ्यात स्विस तंत्रज्ञांच्या साहाय्याने सुरू झालेले आणि ‘याक चीज’ या नावाने विकले जाणारे चीज प्रत्यक्षात बहुतांशी या चौंरीच्या दुधाचे असते. एकच शब्द दक्षिणेत उतरला तो वस्तू होऊन, आणि डोंगरातच राहिला तो दुभते जनावर होऊन.

हा संकर किती जुना आहे याचा पुरावा अलीकडे हाती आला. तिबेटच्या दक्षिण भागात सुमारे ३,७५० मीटर उंचीवरील बांग्गा या वस्तिस्थळी उत्खननात मिळालेल्या जनावरांच्या हाडांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २,५०० वर्षांपूर्वी तिथे पाळीव याक होते, गाई होत्या आणि दोघांचे संकरही होते. म्हणजे तिबेटी लिपी घडून हा शब्द प्रथम लिहिला जाण्याच्या हजारभर वर्षे आधीच त्या पठारावरची माणसे हे जनावर मुद्दाम घडवीत होती.

जोचा वंश त्याच्याबरोबर संपतो, हे खरे. जोमोचा मात्र संपत नाही. तिची मुलगी याकाला, त्या मुलीची मुलगी पुन्हा याकाला, असे होत गेले की काही पिढ्यांत नरही पुन्हा सुपीक निघतात, आणि दिसायला व वागायला पूर्ण याक असलेल्या कळपात गाईचे रक्त मिसळून जाते. २०१७ मध्ये मंगोलियातील याकांच्या संपूर्ण जनुकीय आराखड्याचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या वारशापैकी सुमारे १.३ टक्के भाग गाईकडून आलेला आढळला, आणि त्या भागात शिंगे नसण्याचे लक्षणही होते. मंगोलियाच्या कुरणांवर आज फिरणाऱ्या बोडक्या याकांनी ते लक्षण मिळवले ते फार पूर्वी, कुणा पशुपालकाच्या गोठ्यात व्यालेल्या आणि नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या संकरित मादीकडून.